सात आठवड्यांच्या स्लॅबवर घातलेली लाकडी फरशी: घरमालक आणि परवानाधारक कंत्राटदार यांच्यातील एक वाद

पार्श्वभूमी

एका जुन्या तळमजली घराला मागच्या बाजूस एक नवी खोली आणि तिच्यापर्यंत जाणारा बोळ असे वाढीव बांधकाम करण्यात आले. या वाढीव भागाचा काँक्रीटचा स्लॅब थेट जमिनीवर, १०० मिलिमीटर जाडीचा होता. बांधकाम करणारा कंत्राटदार तो घालून, आपला हिशेब चुकता करून निघून गेला. त्यानंतर जुनी बैठकीची खोली, बोळ आणि नवी खोली या तिन्ही ठिकाणी सलग लाकडी फरशी बसवण्याचे काम घरमालकीणबाईंनी दुसऱ्या एका कंत्राटदाराकडे सोपवले. तो केवळ फरशीची कामे करणारा होता आणि त्याच्याकडे वैध परवाना होता. वाद झाला तो या दुसऱ्याशी, आणि पुढे ‘कंत्राटदार’ हा शब्द त्याच्यासाठीच वापरला आहे. कागदपत्रे नीट लावून द्यावीत म्हणून मला बोलावण्यात आले तेव्हा हा वाद चार महिन्यांचा झालेला होता. ओळख पटेल असे सर्व तपशील येथे वगळले आहेत.

निवडलेली फरशी इंजिनिअर्ड प्रकारची होती, म्हणजे खाली आडवे-उभे चिकटवलेले पातळ थर आणि वर सुमारे ३ मिलिमीटर अस्सल लाकूड. ती चिकटद्रव्याने थेट काँक्रीटवर बसवायची होती. करार दोन पानांचा होता. त्यात फरशीचा प्रकार, क्षेत्रफळ, मोबदल्याचे ४०, ४० व २० टक्क्यांचे तीन हप्ते आणि ‘काम उत्पादकाच्या लेखी सूचनांनुसार व चांगल्या कारागिरीने केले जाईल’ एवढे एक वाक्य होते. काँक्रीटमधील ओलाव्याची चाचणी कोणी करायची, याचा उल्लेख नव्हता. घरमालकीणबाईंना तो प्रश्न सुचण्याचे कारण नव्हते. कंत्राटदाराला मात्र तो सुचायला हवा होता.

स्लॅब घातल्यानंतर सात आठवड्यांनी फरशीचे काम सुरू झाले आणि पाच दिवसांत संपले.

अडचण कशी उघड झाली

दीड महिन्याने नव्या खोलीचे दार फरशीला घासू लागले. संध्याकाळी खिडकीतून तिरपा प्रकाश पडला की प्रत्येक फळीच्या दोन्ही कडा वर उचललेल्या आणि मधला भाग खोलगट, अशी वाटीसारखी ठेवण स्पष्ट दिसे. बोळातही तेच होते. बैठकीच्या खोलीत फळ्या सपाट होत्या, पण तीन-चार ठिकाणी पाय टेकला की पोकळ आवाज येई आणि फळी किंचित दबे.

पहिली तक्रार फोनवर झाली. कंत्राटदार दोन दिवसांत येऊन पाहून गेला, ‘लाकूड आहे, थोडे हलणारच, एक ऋतू जाऊ द्या’ असे म्हणाला आणि या बोलण्याची कोणतीही नोंद कोणाकडेच राहिली नाही. पुढच्या महिनाभरात आणखी तीन फोन झाले. चौथ्या फोननंतर त्याने एक तोडगा सुचवला: वर आलेल्या कडा यंत्राने घासून सपाट करायच्या आणि पुन्हा पॉलिश द्यायचे, तेही फुकट. घरमालकीणबाई जवळजवळ तयार झाल्या होत्या.

या प्रकरणातील पहिला खरा निर्णयाचा क्षण हाच होता. फळीची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा ओली असेल तर ती अधिक फुगते आणि कडा वर येतात. त्या अवस्थेत कडा घासून टाकल्या आणि नंतर खालचा ओलावा उतरला, तर फळी मूळ आकाराकडे परतते, कडा मात्र पातळ झालेल्या असतात. परिणामी मधला भाग उंच आणि कडा खाली, म्हणजे आधीच्या बरोबर उलटा दोष तयार होतो, आणि तो कायमचा असतो. शिवाय एका घासणीत वरचे लाकूड अर्धा ते एक मिलिमीटर जाते; एकूण ३ मिलिमीटरमधून ते गेले की पुढच्या दुरुस्तीची वाट अरुंद होते. तिसरी गोष्ट कायद्याच्या अंगाने महत्त्वाची होती. फरशी घासली असती तर मूळ दोषाचा पुरावाच पुसला गेला असता. कंत्राटदाराचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. त्याला प्रकरण स्वस्तात मिटवायचे होते, एवढेच. पण ओलाव्याचे कारण सापडण्यापूर्वी घासणे ही चूक आहे, हे त्याच्या धंद्यातल्या माणसाला माहीत असायला हवे होते.

घासणीला नकार देताना घरमालकीणबाईंनी दुसरी एक गोष्ट केली, जी त्यांना नंतर महागात पडली. त्यांनी शेवटचा २० टक्क्यांचा हप्ता कारण लेखी न कळवता अडवून ठेवला. तीन आठवड्यांनी कंत्राटदाराचे पत्र आले: काम पूर्ण झाले आहे, पैसे थकवले आहेत, पंधरा दिवसांत न दिल्यास मालमत्तेवर थकबाकीचा बोजा नोंदवण्यात येईल. ज्यांची तक्रार होती, त्या एकाएकी थकबाकीदार ठरल्या.

कारणाचा शोध

कागदोपत्री पुढे जायचे तर ‘फरशी खराब झाली’ हे पुरेसे नव्हते. ती कशामुळे खराब झाली, हे दाखवावे लागणार होते. कारण कंत्राटदाराचे म्हणणे तयार होते आणि वरवर पाहता पटण्यासारखेही होते. त्याच्या मते घरात हवा खेळती नव्हती आणि फरशी ओल्या फडक्याने पुसली जात होती. स्लॅब दुसऱ्याने घातलेला असल्याने त्याच्या ओलीचा दोष आपल्याकडे येत नाही, असेही तो म्हणत होता.

दोन्ही बाजूंशी संबंध नसलेल्या एका फरशी-तपासनीसाला बोलावण्यात आले. कंत्राटदाराला तारीख आठवडाभर आधी लेखी कळवली आणि हजर राहण्याची विनंती केली. तो आला. हे आमंत्रण औपचारिक वाटले तरी नंतर फार उपयोगी पडले, कारण त्यामुळे अहवाल त्याच्या पाठीमागे तयार झाला असे त्याला म्हणता आले नाही.

तपासनीसाने प्रथम ओल्या फडक्याचा मुद्दा घेतला. सांध्यांतून पाणी झिरपून फळीच्या पोटात गेले तर त्यानेही वाटी होऊ शकते, हे त्याने मान्य केले. पण मग पुसली जाणारी जागा आणि न पुसली जाणारी जागा यांत फरक दिसायला हवा. नव्या खोलीतले जड कपाट सरकवून पाहिले. ते फरशी बसवल्यापासून तिथेच होते आणि त्याखाली फडके कधी गेलेच नव्हते. त्याखालच्या फळ्याही तितक्याच वाकलेल्या होत्या. उलट बैठकीच्या खोलीत, जिथे सर्वांत जास्त वावर आणि सर्वांत जास्त पुसणे होते, तिथे वाटी नव्हती. केवळ एका कपाटामुळे निम्मा वाद निकालात निघाला.

पुढे काँक्रीटच्या आतली सापेक्ष आर्द्रता मोजण्यात आली. स्लॅब फक्त वरच्या बाजूने सुकत असेल तर त्याच्या जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत भोक पाडून, त्यात संवेदक बसवून, भोक बंद करून किमान २४ तास थांबायचे आणि मग आकडा वाचायचा, अशी प्रमाणित पद्धत आहे. १०० मिलिमीटरच्या स्लॅबमध्ये ती खोली ४० मिलिमीटर होते. पृष्ठभागावर मीटर टेकवून घेतलेला आकडा फसवा असतो, कारण वरचा थर आधी सुकतो आणि वर फरशी झाकली गेली की आतली ओल पुन्हा वरपर्यंत पसरते. नव्या खोलीत ९१ टक्के, बोळात ८८ टक्के आणि बैठकीच्या जुन्या स्लॅबमध्ये ७१ टक्के आर्द्रता आढळली. या फरशीच्या खोक्यावरील सूचनापत्रात कमाल मर्यादा ७५ टक्के छापलेली होती, आणि बसवण्यापूर्वी चाचणी करून तिची नोंद ठेवावी असेही म्हटले होते.

हे आकडे फरशी बसवल्यानंतर पाच महिन्यांनी घेतलेले होते. काँक्रीट चांगल्या हवेत साधारण २५ मिलिमीटर जाडीला एक महिना या गतीने सुकते, असा धंद्यातला ठोकताळा आहे. म्हणजे १०० मिलिमीटरला अनुकूल परिस्थितीतही चार महिने. सात आठवड्यांचा स्लॅब सुकलेला असण्याची शक्यताच नव्हती, आणि त्यावर फरशी चिकटवल्यावर त्याच्या सुकण्याची एकमेव वाट बंद झाली.

शेवटी बैठकीच्या खोलीतील पोकळ आवाजाची एक फळी काढण्यात आली. खाली दातेरी थापीने ओढलेल्या चिकटद्रव्याच्या रेघा जशाच्या तशा उभ्या होत्या. फळी वेळेत दाबली गेली असती तर त्या रेघा चेपून एकमेकींत मिसळल्या असत्या. याचा अर्थ चिकटद्रव्य पसरून बराच वेळ गेल्यावर, त्यावर साय धरल्यावर फळी ठेवली गेली, किंवा खालचा पृष्ठभाग तिथे खोलगट होता. सरळपट्टी लावून पाहिल्यावर ३ मीटरमध्ये ९ मिलिमीटरचा खळगा सापडला. अशा कामाला साधारण ५ मिलिमीटरपर्यंतचाच फरक चालतो. स्कर्टिंग काढल्यावर आणखी एक गोष्ट दिसली: लाकूड फुगण्यासाठी भिंतीलगत सोडायची सुमारे १० मिलिमीटरची फट नव्या खोलीच्या एका बाजूला मुळीच नव्हती.

समोर असलेले पर्याय

अहवाल हातात आल्यावर घरमालकीणबाईंचा पहिला विचार असा होता की सगळी फरशी उखडून दुसऱ्याकडून करून घ्यावी आणि खर्च वसूल करावा. राग समजण्यासारखा होता. पण दोष दूर करण्याची वाजवी संधी मूळ कंत्राटदाराला न देता काम पाडले तर वसुलीचा दावा बहुधा कमजोर होतो, आणि उखडलेल्या फरशीबरोबर पुरावाही जातो. हा पर्याय सोडून देण्यात आला.

दुसरा पर्याय कमी रकमेच्या दाव्यांसाठी असलेल्या न्यायालयात जाण्याचा होता. तिथे वकिलाशिवाय काम चालते, निकालही तुलनेने लवकर लागतो. परंतु तिन्ही जागा पुन्हा करण्याचा अंदाजित खर्च त्या न्यायालयाच्या मर्यादेबाहेर जात होता. मर्यादेत बसवण्यासाठी मागणी कमी करावी लागली असती. पूर्ण दिवाणी दावा करता आला असता, पण त्याला लागणारा काळ आणि वकिलाचा खर्च पाहता वसूल होणाऱ्या रकमेतून फारसे हाती उरले नसते.

तिसरा पर्याय परवाना देणाऱ्या प्राधिकरणाकडे तक्रार करण्याचा. येथे एक गैरसमज नेहमी आढळतो. असे प्राधिकरण मुळात ग्राहकाला पैसे मिळवून देण्यासाठी नसते. परवानाधारकाने धंद्याचे नियम पाळले की नाही हे पाहणे आणि न पाळल्यास ताकीद देणे किंवा परवान्यावर कारवाई करणे हे त्याचे काम. पण परवान्यावर नोंद होण्याची शक्यता हीच कंत्राटदाराला बोलणीला बसवणारी गोष्ट ठरते, आणि या प्राधिकरणाकडे तक्रारींसाठी मध्यस्थीची सोयही होती. परवान्यासाठी त्याने हमीपत्र, म्हणजे नुकसान झालेल्या ग्राहकांच्या भरपाईसाठी ठरावीक रकमेची हमी, दिलेले होते, मात्र त्या हमीची रक्कम सर्व तक्रारदारांसाठी मिळून एकच असल्याने तिच्यावर भिस्त ठेवणे शहाणपणाचे नव्हते.

मी स्वतः तिसऱ्या पर्यायाकडे झुकलो होतो, आणि त्याचे कारण कायद्यापेक्षा व्यवहाराचे होते. कंत्राटदार अजून फोन उचलत होता, बोलावल्यावर येत होता. अशा माणसाला आधी न्यायालयात खेचले की तो पहिली गोष्ट करतो ती म्हणजे येणे बंद करतो.

केलेली कारवाई

सर्वांत आधी अडवलेल्या हप्त्याचा प्रश्न सोडवला. तपासनीसाचा अहवाल जोडून एक पत्र पाठवण्यात आले. त्यात दोष एकेक करून, जागेसह आणि मोजमापासह लिहिले. करारातील ‘उत्पादकाच्या लेखी सूचनांनुसार’ हे वाक्य उद्धृत करून सूचनापत्राचे संबंधित पान लावले. हप्ता का रोखला आहे आणि तो कोणत्या कामानंतर दिला जाईल हे सांगितले, आणि दुरुस्तीचा लेखी प्रस्ताव देण्यासाठी एकवीस दिवसांची मुदत दिली. पत्रात ‘फसवणूक’ हा शब्द पहिल्या मसुद्यात दोनदा होता; तो काढला. पोचपावती मिळेल अशा पद्धतीने पत्र गेले.

उत्तर अठराव्या दिवशी आले. स्लॅब आपला नव्हे, हा मुद्दा त्यात पुन्हा होता, आणि सोबत घरमालकीणबाईंनीच पाठवलेला एक जुना संदेश छापून लावला होता: ‘यापुढे एक दिवसही उशीर चालणार नाही, महिनाअखेर आम्हाला राहायला यायचे आहे.’ आपण तोंडी सावध केले होते, पण घाई मालकांची होती, असा त्याचा दावा होता. हा संदेश घरमालकीणबाई विसरून गेल्या होत्या आणि मला त्यांनी तो दाखवलेला नव्हता.

या उत्तराने बाजू थोडी ढळली. पण तपासून पाहिल्यावर त्याचा जोर वाटतो तितका नव्हता. खालचा पृष्ठभाग योग्य नसेल तर काम सुरू न करणे किंवा धोका लेखी कळवून मालकाची सही घेणे, ही धंद्यातली रीतच आहे. ज्याने त्यावर काम सुरू केले त्याने तो पृष्ठभाग स्वीकारला असे धरले जाते. सामान्य माणसाची घाई हा तज्ज्ञाने चाचणी न करण्याचा बचाव होऊ शकत नाही. तरीही मध्यस्थासमोर हा संदेश वाचला जाणार होता, आणि सगळा दोष एकाच बाजूचा आहे असे म्हणणे त्यानंतर प्रामाणिक राहिले नसते.

मुदत संपल्यावर प्राधिकरणाकडे तक्रार दाखल झाली. तक्रार तीन पानांची, जोडपत्रे एकतीस. सात आठवड्यांनी मध्यस्थीची बैठक ठरली. दरम्यान नुकसान वाढू नये म्हणून नव्या खोलीत आर्द्रता शोषणारे यंत्र लावले आणि दर आठवड्याला आकडे लिहून ठेवले. वाढते नुकसान हातावर हात ठेवून पाहत बसणाऱ्याची भरपाई कापली जाऊ शकते, हे त्यामागचे कारण.

तडजोड आणि निष्पत्ती

बैठक साडेतीन तास चालली आणि त्यातला बहुतेक वेळ एकाच मुद्द्यावर गेला: ओलावा अडवणाऱ्या लेपाचा खर्च कोणाचा? नवा स्लॅब सुकेपर्यंत थांबायचे नसेल तर त्यावर दोन थरांचा इपॉक्सी लेप द्यावा लागणार होता. घरमालकीणबाईंच्या मते हा खर्च कंत्राटदाराच्या चुकीमुळे येत होता. कंत्राटदाराचे म्हणणे होते की चाचणी पहिल्या दिवशी झाली असती तरी एक तर थांबावे लागले असते किंवा हा लेप त्यांच्याच खर्चाने द्यावा लागला असता. येथे कंत्राटदार बरोबर होता. भरपाई म्हणजे चूक झाली नसती तर आपण जिथे असतो तिथे परत नेऊन ठेवणे. त्याहून अधिक चांगल्या जागी नेणे नव्हे. हे घरमालकीणबाईंना पटवण्यासाठी बैठकीतून वीस मिनिटे बाहेर यावे लागले.

शेवटी ठरले ते असे. नवी खोली आणि बोळ यांतील फरशी कंत्राटदाराने स्वखर्चाने काढावी व पुन्हा बसवावी. मजुरी आणि चिकटद्रव्य पूर्णपणे त्याचे, नव्या फळ्यांच्या किमतीचा तीन चतुर्थांश भाग त्याचा आणि एक चतुर्थांश घरमालकीणबाईंचा. लेपाचा खर्च घरमालकीणबाईंचा. बैठकीच्या खोलीतील खळग्यावरच्या फळ्या काढून जागा समतल करावी आणि इतर पोकळ जागी सुईने चिकटद्रव्य भरावे. रोखलेल्या हप्त्यापैकी निम्मा भाग काम पूर्ण झाल्यावर आणि निम्मा सहा महिन्यांनी त्याच तपासनीसाने पुन्हा पाहिल्यावर द्यावा. तपासनीसाचे शुल्क दोघांनी अर्धे-अर्धे भरावे.

तडजोडीच्या मसुद्यात ‘या कामासंबंधीचे सर्व वर्तमान व भावी हक्क सोडून दिले आहेत’ असे एक छापील कलम होते. ते बदलून ‘अहवालात नमूद केलेल्या दोषांपुरते’ असे करून घेतले. कंत्राटदाराने त्याला हरकत घेतली नाही. बहुधा ते कलम त्यानेही वाचले नव्हते.

पुन्हा बसवण्यापूर्वी लेपाच्या उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे स्लॅबचा वरचा थर यंत्राने खरवडून घेतला, लेप दिला, समतल केले, आणि या वेळी प्रत्येक टप्प्याचे आकडे दोघांच्या सहीने लिहिले गेले. पहिली फरशी संपल्यापासून दुसरी संपेपर्यंत अकरा महिने गेले. तक्रार तडजोडीने मिटली अशी नोंद होऊन बंद झाली. सहा महिन्यांनंतरच्या पाहणीत नव्या भागात वाटी आढळली नाही. बैठकीच्या खोलीत सुईने भरलेल्या एका जागी पोकळ आवाज पुन्हा येत होता. ती जागा त्याने परत येऊन दुरुस्त केली.

काय वेगळे करता आले असते

करारात एक ओळ पुरली असती: काम सुरू करण्यापूर्वी कंत्राटदार काँक्रीटची आर्द्रता मोजेल, आकडे लेखी देईल आणि ते मर्यादेबाहेर असतील तर मालकाच्या लेखी संमतीशिवाय काम सुरू करणार नाही. अशा चाचणीचा खर्च एकूण कामाच्या मानाने किरकोळ असतो. पहिल्या सुमारे १०० चौरस मीटरसाठी तीन ठिकाणी मोजणी करण्याचा प्रघात आहे, आणि येथे तीन जागा होत्याच.

पहिला फोन झाला त्याच संध्याकाळी दोन ओळींचा लेखी संदेश गेला असता तर दीड महिना वाचला असता. हप्ता रोखणे चूक नव्हते; तो का रोखला हे न सांगणे ही चूक होती. आणि जो संदेश आपल्या विरोधात जाऊ शकतो तो आपल्या सल्लागाराला सर्वांत आधी दाखवावा, हे मी आता पहिल्याच भेटीत विचारतो. या प्रकरणात मी विचारले नव्हते, ती माझी चूक.

कंत्राटदाराच्या बाजूनेही पाहायला हवे. त्याच्याकडे मीटर होता, असे बैठकीत त्यानेच सांगितले. तो पृष्ठभागावर टेकवून ‘कोरडे आहे’ असा आकडा त्याने पाहिला होता आणि त्यावर त्याचा खरोखर विश्वास बसला होता. तो आकडा तरी त्याने लिहून ठेवला असता तर निदान चाचणीच केली नाही हा आरोप टळला असता.

एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. मूळ खरेदीच्या वेळी फळ्यांची दोन-तीन जादा खोकी घेऊन ठेवायला हवी होती. नवी खोली आणि बोळ यांसाठी आणलेल्या फळ्या त्याच नावाच्या, त्याच प्रकारच्या, पण वेगळ्या उत्पादन-तुकडीतल्या निघाल्या. बैठकीची खोली जिथे संपते आणि बोळ जिथे सुरू होतो तिथे दारात उभे राहिले की लाकडाच्या दोन छटा शेजारी शेजारी दिसतात. तडजोडीत रंगाबद्दल काहीच लिहिलेले नव्हते, त्यामुळे शेवटचा निम्मा हप्ता ठरल्याप्रमाणे देऊन टाकण्यात आला.